मूत्राशयाचा कर्करोग डोक्याच्या टाळूवर, बोटात, बेंबीत कसा पोहोचतो?

काचपट्टी (धागाकर्ता)

काही दिवसांपूर्वी टाळूवरून काढलेला, हरभऱ्याएवढा त्वचेचा एक तुकडा माझ्याकडे तपासणीला आला. सोबतच्या अर्जावर 'टाळूवरील गाठ, चरबीची असावी' एवढेच लिहिलेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा वरची बाह्यत्वचा अगदी निरोगी होती. पण तिच्याखाली, केसांच्या मुळांच्या आसपास, मोठ्या आणि गडद केंद्रकांच्या पेशींचे पुंजके दाटीने बसले होते. त्वचेतच जन्मलेला कर्करोग बहुधा वरच्या थराशी किंवा घामाच्या, तेलाच्या ग्रंथींशी कुठेतरी नाते सांगतो. हे पुंजके कुणाशीच नाते सांगत नव्हते, म्हणजे ते बाहेरून आलेले असण्याची शक्यता जास्त होती. पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केल्यावर कळले की रुग्णाचे मूत्राशय दीड वर्षापूर्वी कर्करोगामुळे काढलेले आहे, आणि टाळूवरच्या गाठीचा त्याच्याशी काही संबंध असेल असे न वाटल्यामुळे ते अर्जावर लिहिलेले नाही.

त्यानंतर पेशींत ठरावीक प्रथिने आहेत का हे दाखवणारी विशेष रंजके वापरली. सीके-७ आणि सीके-२० या दोन्हींना पेशींनी प्रतिसाद दिला, गाटा-३ ठळक उमटले, आणि गाटा-३ स्तनाच्या कर्करोगात व त्वचेच्या काही गाठींतही उमटत असल्यामुळे युरोप्लाकिन हे मूत्राशयाच्या अस्तराचे खास प्रथिनही तपासून पाहिले. मूत्राशयाच्या जुन्या काचपट्ट्या (गाठीचे पातळ काप लावलेल्या काचा) मागवून शेजारी ठेवल्या, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या पेशी एकाच घरातल्या असल्याचे स्पष्ट झाले.

रुग्णाच्या मुलाने नंतर मला एकच प्रश्न विचारला : "ओटीपोटातला रोग डोक्यावर कसा जाईल?" त्याला उभ्याउभ्या दिलेले उत्तर मला अपुरे वाटत राहिले, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी नेहमीचे चित्र सांगतो. मूत्राशयाचे बहुतेक कर्करोग, म्हणजे सुमारे ९० टक्के, त्याच्या आतील अस्तरातून उगवतात. निदान होते तेव्हा साधारण चारपैकी तीन रुग्णांत रोग अस्तरापुरता किंवा त्याखालच्या पातळ थरापुरता असतो, आणि असा रोग पुन्हा पुन्हा उगवून त्रास देत असला तरी दूर जाण्याचे प्रमाण कमी असते. तो मूत्राशयाच्या स्नायूत घुसला की गोष्ट बदलते, कारण तिथे रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या मोठ्या असतात. मग तो प्रथम ओटीपोटातील लसीकाग्रंथींत जातो, आणि त्यापुढे हाडे, फुप्फुसे, यकृत आणि पोटातील आवरण ही त्याची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे असतात. स्कॅन याच जागा डोळ्यांसमोर ठेवून केले जातात.

परंतु त्वचा, बेंबी, मेंदूची आवरणे, डोळ्याच्या मागचा भाग, हृदय, शिश्न, बोटांची हाडे, जबडा, पायाचे स्नायू अशा ठिकाणीही हा रोग पोहोचल्याच्या नोंदी आहेत. माझे म्हणणे असे आहे की जागा कितीही विचित्र वाटली तरी तिथपर्यंतची वाट बहुधा विचित्र नसते, आणि ती वाट समजून घेतली तर कोणत्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये हेही समजते.

मूत्राशयाच्या शिरांमधले रक्त ओटीपोटातील मोठ्या शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात बहुतेक पेशी अडकतात. ज्या थोड्या निसटतात त्या हृदयाच्या डाव्या बाजूला येऊन धमन्यांमार्फत शरीरात कुठेही जाऊ शकतात. टाळूच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो. दुसरी वाट अधिक मनोरंजक आहे. १९४० साली ऑस्कर बॅटसन या शरीररचनातज्ज्ञाने मृतदेहांत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून दाखवले की ओटीपोटातील शिरा पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याशी थेट जोडलेल्या आहेत. हे जाळे थेट कवटीपर्यंत जाते आणि त्यात झडपा नाहीत. खोकताना, कुंथताना किंवा जड वस्तू उचलताना पोटातला दाब वाढला की रक्त या जाळ्यात वळते, आणि त्याच्यासोबत कर्करोगाची पेशी असेल तर ती फुप्फुसांची चाळणी चुकवून मणक्यात किंवा कवटीत उतरू शकते. फुप्फुसे स्वच्छ असताना कवटीत किंवा मणक्यात रोग कसा, याचे हे एक चांगले स्पष्टीकरण आहे.

अनुभव असलेल्यांनी जरूर लिहावे.

ओलीवाट

काचपट्टी, हा धागा वाचून बराच वेळ काय लिहावे ते सुचले नाही. माझ्या मोठ्या भावाच्या पायाच्या अंगठ्यात हा रोग निघाला होता.

मूत्राशय काढल्यानंतर साधारण वर्षभराने त्याचा उजव्या पायाचा अंगठा सुजला. रंग लाल होता आणि हात लावला तरी तो कळवळत असे. सर्वांनी, म्हणजे आम्ही घरच्यांनी आणि पाहणाऱ्या डॉक्टरांनीही, हा संधिवाताचाच, युरिक ॲसिडचा प्रकार आहे असे गृहीत धरले. रक्तातील युरिक ॲसिड किंचित वाढलेले निघाल्यामुळे ते गृहीतक पक्केही झाले. दोन महिने गोळ्या झाल्या. सूज उतरली नाही, उलट नख वर उचलल्यासारखे दिसू लागले. शेवटी साधा एक्स-रे काढला, तेव्हा अंगठ्याच्या टोकाचे हाड उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते.

मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या दोन महिन्यांच्या मध्येच त्याचा पेट स्कॅन (साखरेसारखे द्रव्य देऊन रोगाची ठिकाणे शोधणारी तपासणी) झाला होता आणि तो 'स्वच्छ' आला होता. स्कॅन स्वच्छ असताना अंगठ्यात रोग कसा असू शकतो हे मला आजही कोणी नीट सांगितलेले नाही.

काचपट्टी

ओलीवाट, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्कॅनच्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत असेल, तो कागद अजून असेल तर पाहा. नेहमीचा पेट स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत घेतात, कारण बहुतेक कर्करोगांची बहुतेक ठाणी त्या टापूत असतात आणि यंत्रावरचा वेळ व किरणोत्सर्ग दोन्ही मर्यादित ठेवायचे असतात. गुडघ्याखालचे पाय त्या चित्रात आलेलेच नसतात. तेव्हा तो स्कॅन खोटे बोलला नव्हता, त्याला अंगठा दाखवलाच गेला नव्हता. ज्याला पावलात किंवा पोटरीत तक्रार आहे त्याने ती स्कॅनच्या आधी तंत्रज्ञाला सांगितली तर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीराचा स्कॅन करता येतो.

मनगटापुढच्या आणि घोट्याखालच्या हाडांत कर्करोग पोहोचणे एकंदरीतच फार क्वचित घडते. प्रौढ वयात या हाडांत लाल, म्हणजे रक्त तयार करणारी, मज्जा फारशी नसते, आणि रक्तातून फिरणाऱ्या पेशींना रुजण्यासाठी ती हवी असते. हाताच्या बोटांत असे झाले तर उगम बहुधा फुप्फुसात सापडतो. पावलांच्या हाडांत झाले तर मूत्रमार्ग, मूत्राशय, मोठे आतडे अशा मध्यपटलाखालच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखालच्या) अवयवांकडे अधिक बोट जाते. वरून ती जागा हुबेहूब संसर्गासारखी किंवा संधिवातासारखी दिसते, त्यामुळे उपचार त्या दिशेने जाणे ही अनेकदा घडणारी गोष्ट आहे. कर्करोगाचा इतिहास असलेल्या माणसाची एका बोटाची सूज औषधांनी दोन-तीन आठवड्यांत हलली नाही तर साधा एक्स-रे काढावा, एवढेच मी सांगेन.

तटस्थ

धागा उत्तम आहे, परंतु दोन शंका मांडतो.

पहिली अशी की 'वाट' या कल्पनेवर तुम्ही थोडा जास्त भार टाकता आहात असे मला वाटते. सर्व काही रक्तप्रवाहानेच ठरत असते तर ज्या अवयवांना सर्वाधिक रक्त मिळते तिथे सर्वाधिक रोग दिसायला हवा होता. हृदयाच्या स्नायूला, प्लीहेला आणि हातापायांच्या स्नायूंना भरपूर रक्त मिळते, तरी तिथे कर्करोग क्वचितच रुजतो. इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पाहून बी आणि जमीन ही कल्पना मांडली, म्हणजे पेशी हे बी आणि ते मानवणाऱ्या अवयवाच्या जमिनीतच रुजते, ती याच विसंगतीमुळे. पुढे अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२८ च्या सुमारास उलट बाजू घेतली आणि सारे काही प्रवाहाच्या यांत्रिकीवर सोपवले. आज दोन्ही अर्धी अर्धी खरी मानतात असे माझे वाचन आहे.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक आहे. वैद्यकीय नियतकालिकांत एकेका रुग्णाचे जे वृत्तान्त छापून येतात ते विचित्र असतात म्हणूनच छापून येतात. यकृतात पसरलेल्या रोगावर कोणी असा लेख लिहीत नाही. त्यामुळे शोध घेणाऱ्या नातेवाइकाला दहा पानांत डोळा, जीभ, हृदय आणि अंगठा सापडतो आणि त्याची झोप उडते. या धाग्यानेही तेच होऊ नये.

काचपट्टी

तटस्थ, दोन्ही शंका रास्त आहेत आणि दुसरी तर मी मूळ लेखातच लिहायला हवी होती. एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांवरून प्रमाण काढता येत नाही. त्यात भर म्हणजे शवविच्छेदनात हृदयात किंवा थायरॉइडमध्ये असे छोटे ठिपके सापडतात की ज्यांनी रुग्णाला जिवंतपणी काहीच त्रास दिलेला नसतो. म्हणजे 'क्वचित' या शब्दाचा अर्थ आपण कुठे आणि किती बारकाईने पाहतो यावरही ठरतो.

पहिल्या शंकेबद्दल : वाट असली म्हणजे पोहोचता येते, राहता येईलच असे नाही, हे मला मान्य आहे. पण मूत्राशयाच्या बाबतीत जमिनीइतकेच बियाणेही पाहावे लागते. अस्तराच्या कर्करोगाचे काही उपप्रकार आहेत आणि त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. एका उपप्रकारात पेशी प्लाझ्मा पेशींसारख्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींसारख्या) दिसतात, म्हणून त्याला प्लाझ्मासायटॉइड म्हणतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन या उपप्रकारात बहुतेक वेळा हरवलेले असते. परिणामी पेशी गाठ बांधून बसत नाहीत. सुट्या सुट्या, रांगेने, ऊतींच्या पदरांमधून सरकत जातात. हा रोग पोटाच्या आवरणावर पसरतो आणि कधी गुदाशयाला बाहेरून वेढून आवळतो. तेव्हा रुग्णाची तक्रार लघवीची नसून शौचाची असते, स्कॅनमध्ये ठळक गाठ दिसत नाही, फक्त आतड्याची भिंत जाड दिसते, आणि आतून घेतलेली बायोप्सी वरवरची असेल तर ती निरोगीही येते. लघुपेशी हा दुसरा उपप्रकार मेंदूत जाण्याबद्दल अधिक बदनाम आहे. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या अहवालात उपप्रकार लिहिला आहे का, हे घरच्यांनी पाहून ठेवावे. तो एक शब्द पुढे फार उपयोगी पडतो.

पाऊलखूण

माझा छोटा प्रश्न आहे. वडिलांना मूत्राशयात गाठ होती, ती दुर्बिणीतून काढली. तीन वर्षांनी मूत्रपिंडातून येणाऱ्या नळीत गाठ निघाली. हेही 'पसरणे' धरायचे का? अहवालात तसे लिहिलेले नाही, पण नातेवाईक तसेच म्हणतात.

काचपट्टी

बहुधा नाही. मूत्रपिंडाच्या पोकळीपासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागापर्यंत एकाच जातीचे अस्तर असते, आणि तंबाखूच्या धुरातली किंवा रंगांच्या कारखान्यातली ज्या रसायनांमुळे हा रोग होतो ती रसायने लघवीतून या सगळ्या अस्तराला वर्षानुवर्षे धूत असतात. त्यामुळे एकाच अस्तरावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणी रोग उगवू शकतो. त्याला दूरचा प्रसार मानत नाहीत, त्याचे उपचारही वेगळे असतात आणि बरे होण्याची शक्यताही वेगळी असते. नातेवाइकांना हा फरक समजावून सांगणे कठीण जाते याची मला कल्पना आहे.

रात्रपाळी

मी कर्करोग विभागात परिचारिका आहे, म्हणून ज्या जागेबद्दल कोणी बोलत नाही तिच्याबद्दल लिहिते.

एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे पाठदुखीसाठी दाखल होते. रात्री औषध द्यायला गेले की ते कुशीवर वळून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडलेले असत. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी पांघरुणाची घडी नीट करू लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि भिंतीकडे पाहत सांगितले की त्यांना कित्येक दिवसांपासून शिश्नात ताठरपणा आहे, तो जात नाही, आणि दुखणे असह्य आहे. या वयात हे सांगितले तर लोक काय म्हणतील, या लाजेने त्यांनी मुलालाही सांगितले नव्हते आणि डॉक्टरांनाही नाही. शिश्नातील स्पंजासारख्या ऊतींत रोग उतरून तिथले रक्त अडले होते.

मला नंतर सांगण्यात आले की ही जागा दुर्मीळ असली तरी तिथे जो रोग येतो तो बहुतेक वेळा मूत्राशयातून किंवा प्रोस्टेटमधून येतो. दुखण्यावर त्याच रात्री उपचार सुरू झाले आणि पुढे तिथे किरणोपचार दिले. रोग हटला नाही, पण ते उताणे झोपू शकले. चार दिवस आधी कळले असते तर चार रात्री वाचल्या असत्या. म्हणून माझी विनंती एवढीच की घरातल्या कोणीतरी, शक्यतो ज्याच्यासमोर रुग्णाला संकोच वाटणार नाही अशा माणसाने, थेट विचारावे. रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत.

सावली_४२

माझी आई सध्या एन्फोर्टुमॅब वेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या दोन औषधांवर आहे. दुसऱ्या डोसनंतर तिच्या पोटावर आणि काखेत पुरळ आले. हा धागा वाचल्यापासून मी रोज रात्री मोबाइलच्या उजेडात तिची त्वचा तपासते आहे. औषधाचे पुरळ आणि रोगाची गाठ यांतला फरक घरी ओळखता येतो का?

मात्रा

सावली, मी कर्करोगतज्ज्ञ आहे. आईंना न पाहता लिहितो आहे हे लक्षात ठेवून वाचा.

एन्फोर्टुमॅब हे औषध नेक्टिन-४ या प्रथिनाला जाऊन चिकटते. ते प्रथिन मूत्राशयाच्या कर्करोगावर भरपूर असते, परंतु त्वचेच्या पेशींवरही असते. त्यामुळे पुरळ हा या औषधाचा अगदी अपेक्षित परिणाम आहे आणि तो बहुधा सुरुवातीच्याच आवर्तनांत दिसतो. असे पुरळ सपाट किंवा किंचित उंच असते, खाजते, काखा आणि जांघेसारख्या घड्यांत किंवा अंगभर पसरते आणि औषध थांबवले किंवा मलम लावले की फिके पडते. रोगाची गाठ सहसा बोटाखाली मटारासारखी कडक लागते, खाजत नाही, अनेकदा दुखतही नाही, एका जागी राहते आणि आठवड्यागणिक वाढते. तिच्या आवडत्या जागा म्हणजे ओटीपोटाची त्वचा, जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा आणि बेंबी. हे नियम मोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून शंका आली तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणे हाच खरा निवाडा. ते पाच मिनिटांचे काम आहे.

एक गोष्ट मात्र वाट न पाहण्याची आहे. पुरळासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, किंवा त्वचा सोलल्यासारखी सुटू लागणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ती या औषधाची दुर्मीळ पण जिवावर बेतणारी प्रतिक्रिया असू शकते, आणि या धाग्यातल्या सगळ्या विचित्र जागांपेक्षा मला तिचीच काळजी जास्त वाटते.

रोजची रात्रीची तपासणी थांबवा. आठवड्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, अंघोळीनंतर पाहा आणि वहीत लिहा.

सावली_४२

वही आजपासूनच सुरू केली आहे. ताप नाही, तोंडही स्वच्छ आहे. आभारी आहे.

करडी_छटा

मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. तटस्थ यांच्या सावधगिरीला आणखी एक बाजू जोडतो, कारण आतापर्यंतच्या चर्चेत नवा ठिपका म्हणजे रोगच, असे काहीसे गृहीत धरले गेले आहे.

मूत्राशयातील वरवरच्या रोगावर १९७६ पासून बीसीजी हे औषध आत सोडून उपचार करण्याची पद्धत आहे. हे तेच क्षयाच्या लसीतले जिवंत पण दुबळे केलेले जंतू आहेत. क्वचित हे जंतू रक्तात शिरतात आणि फुप्फुसांत, यकृतात किंवा मणक्यांत जाऊन छोट्या गाठी निर्माण करतात, आणि हे कधी कधी उपचार संपल्यानंतर महिन्यांनी, अगदी वर्षांनीही लक्षात येते. पेट स्कॅनमध्ये या गाठी कर्करोगासारख्याच चमकतात, कारण तो स्कॅन साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही साखर खातात. माझ्यासमोर एक रुग्ण असा आला होता की ज्याच्या दोन मणक्यांतील बदलांना रोगाचा प्रसार समजून केमोची तारीखही ठरली होती. मणक्यांमधली चकती झिजलेली होती. कर्करोग चकतीला सहसा हात लावत नाही, संसर्ग लावतो. त्यामुळे मी सुईने तुकडा घेण्याचा आग्रह धरला. निघाला बीसीजीचा संसर्ग. त्याला क्षयाची औषधे मिळाली, आणि तीही नेमकी निवडून, कारण पायराझिनामाइड या नेहमीच्या औषधाला हे जंतू जन्मजात दाद देत नाहीत.

जाता जाता : पेट स्कॅनचे द्रव्य लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशय नेहमीच लख्ख उजळलेले दिसते. अहवालात 'मूत्राशयात द्रव्याची साठवण' हे शब्द वाचून घाबरलेले किमान पाच नातेवाईक मला भेटले आहेत.

तटस्थ

करडी_छटा, मी हेच शोधत होतो. म्हणजे नव्या आणि अनपेक्षित जागी काही दिसले तर पुन्हा तुकडा तपासणे हा चोचला नसून आवश्यकता आहे.

काचपट्टी

हो, आणि तुकडा शक्य असेल तेव्हा. मेंदूच्या आतल्या भागातून किंवा हृदयातून तुकडा घेणे नेहमी शक्य नसते. मेंदूच्या आवरणांत रोग असल्याची शंका असेल तर पाठीतून पाणी काढून त्यातील पेशी पाहतात, आणि पहिल्या वेळी काही सापडले नाही तरी शंका दाट असल्यास पुन्हा काढतात.

मेंदूचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सिस्प्लाटिन या औषधावर आधारलेली केमो आल्यानंतर असे लक्षात येऊ लागले की काही रुग्णांत पोटातला आणि फुप्फुसातला रोग आक्रसत असतानाच तो मेंदूत प्रथमच डोके वर काढतो. रक्तातील औषधांना मेंदूत सहज शिरू न देणारा जो अडसर निसर्गाने ठेवला आहे त्याच्या आड पेशी सुरक्षित राहतात. रुग्ण जास्त जगू लागल्यामुळेही हे दिसू लागले, हा एक भाग आहेच. 'स्कॅन चांगला आला' या बातमीच्या आठवड्यातच सुरू झालेली नवी डोकेदुखी, दुहेरी दिसणे, हनुवटीचा अर्धा भाग बधिर होणे किंवा चालताना एका बाजूला झोक जाणे या गोष्टी औषधांच्या थकव्यात जमा करू नयेत.

बेंबीबद्दल मात्रा यांनी ओझरते लिहिले आहे. गर्भावस्थेत मूत्राशयाचे टोक एका नळीने बेंबीशी जोडलेले असते, जन्मानंतर ती नळी बंद होऊन दोरीसारखी उरते, आणि त्या दोरीच्या आधाराने रोग बेंबीपर्यंत येऊ शकतो. बेंबीतील अशा गाठीला 'सिस्टर मेरी जोसेफ गाठ' असे नाव आहे. सिस्टर मेरी जोसेफ या अमेरिकेतील रॉचेस्टर येथे शल्यविशारद विल्यम मेयो यांच्या साहाय्यक परिचारिका होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट स्वच्छ करताना ज्यांच्या बेंबीत कडक गाठ लागते त्यांच्या पोटात रोग पसरलेला निघतो, हे त्यांच्या हाताला कळले होते. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचताना मला त्यांची आठवण झाली.

ओलीवाट

एक शेवटचे विचारते. विचित्र जागी रोग निघाला म्हणजे आता काही करण्यासारखे उरले नाही, असे आम्हाला जवळजवळ सर्वांनी सूचित केले. ते खरे असते का?

मात्रा

ओलीवाट, उत्तर 'जागा किती विचित्र आहे' यावर फारसे अवलंबून नसते. एकूण किती ठिकाणी रोग आहे, यकृत व हाडे त्यात आहेत का, मूत्रपिंडे किती चालतात आणि माणूस दिवसातला किती वेळ उठून फिरतो, यांवर ते जास्त अवलंबून असते. दूर पोहोचलेला रोग कायमचा हटणे अजूनही थोड्यांच्याच वाट्याला येते, हे मी लपवणार नाही. परंतु चित्र हलले आहे. आईंची जी दोन औषधे सावलींनी लिहिली, त्यांची जुन्या केमोशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केमो घेतलेल्या गटातील निम्मे रुग्ण १६.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले होते. नव्या जोडीच्या गटात हाच आकडा ३१.५ महिने होता. अशा चाचण्यांत मेंदूत सक्रिय रोग असलेल्यांना सहसा घेत नाहीत, म्हणून तो आकडा जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही. ज्यांच्या पेशींत एफजीएफआर-३ या जनुकात ठरावीक बदल असतो त्यांच्यासाठी एर्डाफिटिनिब ही गोळी २०१९ पासून आहे. आणि एकाच जागी रोग असेल, तुमच्या भावाच्या अंगठ्यासारखा, तर तेवढ्यापुरते किरणोपचार किंवा शस्त्रक्रिया करून किमान वेदना तरी थांबवता येतात.

ओलीवाट

त्याचा अंगठा काढला होता. त्यानंतर तो सात महिने चालत होता, स्वतःच्या पायांनी. हे मी आधी लिहायला हवे होते.

पाऊलखूण

काचपट्टी, तुम्ही जुन्या काचपट्ट्या मागवल्या असे लिहिले आहे. वडिलांची पहिली शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात झाली होती. आम्ही आत्ताच काही मागून ठेवावे का, आणि नेमके काय मागावे?

काचपट्टी

जरूर मागावे. अहवालाची प्रत तर घ्याच, पण त्यासोबत प्रयोगशाळेकडे 'पॅराफिन ब्लॉक' मागा. काढलेली गाठ मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि तो खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो. काचपट्टीवर एकदा रंग चढवला की तिचा उपयोग बहुतांशी तुलनेपुरता उरतो. ब्लॉकमधून मात्र नवे काप काढून नवी रंजके लावता येतात आणि जनुकांची तपासणीही करता येते. लेखी अर्ज द्या, ब्लॉकवरील क्रमांक अहवालावरील क्रमांकाशी तिथेच जुळवून पाहा आणि पोच घ्या. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या काचेमागे ठेवू नका, मेण वितळते.

आणि पुढे कधीही, कोणत्याही जागेचा तुकडा तपासणीला जात असेल, तर अर्जावर 'पूर्वी मूत्राशयाचा कर्करोग' हे शब्द आणि साल स्वतः वाचून खात्री करा. तिथे ते लिहिलेले नसेल तर लिहायला लावा.